मिशिगनचे रिसीव्हर: झेल मोजायचे की चेंडू?

मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सर्वोत्तम वाइड रिसीव्हर (कडेला उभा राहून फेकलेला चेंडू झेलणारा) कोण, हा वाद कधीही काढा, तीन नावं ठरलेली: अँथनी कार्टर, डेस्मंड हॉवर्ड, ब्रेलन एडवर्ड्स. भांडण असतं ते क्रमावरून. (फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन. अ‍ॅन आर्बरला, या विद्यापीठाच्या गावी, शिकायला गेलेल्या मराठी पोरांना एक सप्टेंबर महिना पुरतो. त्यानंतर हा खुलासा तीच घरच्यांना करू लागतात.) नुसते आकडे पाहिले तर विषय संपल्यासारखा वाटतो. एडवर्ड्सचे २५२ झेल, ३,५४१ यार्ड आणि ३९ टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये नेणं), तिन्ही विद्यापीठाचे विक्रम. करंडकांवरून ठरवायचं तर हाइसमन (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा करंडक) तिघांत फक्त हॉवर्डकडे आहे. तरीही माझ्या यादीत पहिला कार्टर. हे जुन्या आठवणींचं प्रेम नाही, याला हिशेब आहे, आणि तो मांडायचा तर संघ किती पास फेकत होता इथून सुरुवात करावी लागते.

कार्टर १९७९ ते १९८२ खेळला. प्रशिक्षक बो शेम्बेकलर. त्यांचा संघ चेंडू हातात घेऊन धावणारा. पास हा मसाला, जेवण नव्हे. अशा संघात रिसीव्हरचं मुख्य काम पुढे जाऊन समोरच्याला अडवणं. चेंडू त्याच्याकडे येणार तो सामन्यातून चार-पाच वेळा. कार्टरच्या चार हंगामांतले एकूण झेल १६१, यार्ड ३,०७६, टचडाउन ३७. आता एडवर्ड्सचे फक्त शेवटचे दोन हंगाम, २००३ आणि २००४, बाजूला काढा: १८२ झेल, २,४६८ यार्ड, २९ टचडाउन. म्हणजे एडवर्ड्सला दोन वर्षांत जितके चेंडू मिळाले तितके कार्टरला चार वर्षांतही मिळाले नाहीत, आणि तरी यार्ड व टचडाउन दोन्हींत कार्टर पुढे. एका झेलामागे कार्टर १९.१ यार्ड काढतो, एडवर्ड्स अख्ख्या कारकिर्दीत १४.१. पहिल्या वर्षी, १९७९ साली, तर कार्टरचे झेल फक्त १७ होते. त्यातून ४६२ यार्ड आणि ७ टचडाउन.

हॉवर्डलाही हाच हिशेब लावून बघा. तीन हंगामांत १३४ झेल, २,१४६ यार्ड, ३२ टचडाउन. दर ४.२ झेलांमागे एक टचडाउन. कार्टरचा आकडा ४.४, एडवर्ड्सचा ६.५. या एका मापावर हॉवर्ड कार्टरपेक्षा किंचित सरस आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. पण प्रत्येक झेलामागे यार्ड १६, तिथे तो मागे पडतो. वेगवेगळ्या काळातले नुसते एकूण झेल समोरासमोर ठेवणं म्हणजे कसोटीतल्या फलंदाजाला टी-२०च्या स्ट्राइक रेटने मोजणं.

आकडे शोधताना एक खड्डा आहे. २००२च्या आधी एनसीएएच्या (कॉलेज खेळांची संघटना) अधिकृत आकडेवारीत बोल सामने (हंगामाअखेरीचे निवडक संघांचे सामने) धरत नसत. विद्यापीठाच्या नोंदींत मात्र ते असतात. म्हणून हॉवर्डचा १९९१चा हंगाम एका ठिकाणी ६१ झेल व ९५० यार्ड दिसतो, दुसऱ्या ठिकाणी ६२ झेल व ९८५ यार्ड. दोन्ही बरोबर. मधला फरक रोझ बोलमधल्या एका झेलाचा, ३५ यार्डांचा. वॉशिंग्टनने त्या दिवशी हॉवर्डला त्या एकाच झेलावर रोखलं आणि सामना ३४-१४ने घेतला. हाइसमन विजेता रिसीव्हरही चेंडू पोहोचलाच नाही तर काय करणार? क्वार्टरबॅकवर (पास फेकणारा) दबाव आला की रिसीव्हर गायब होतो, हे या खेळातलं जुनं सत्य. वर दिलेले सगळे आकडे मी बोलसकट घेतले आहेत.

दुसरा खड्डा हंगामाच्या लांबीचा. जॅक क्लॅन्सी हे नाव आज कुणी घेत नाही. १९६६ साली त्याने ७६ झेल घेतले, १,०७९ यार्ड काढले, फक्त १० सामन्यांत. एका हंगामातल्या झेलांचा तो विक्रम मार्क्विस वॉकरने २००१ साली ८६ झेल घेईपर्यंत टिकला. सामन्यामागे यार्ड काढा: क्लॅन्सी १०७.९, एडवर्ड्स (२००४, १२ सामने) ११०.८, जेरेमी गॅलन (२०१३, १३ सामने) १०५.६. गॅलनचे १,३७३ यार्ड हा मिशिगनचा हंगामी विक्रम आहे खरा, पण त्यातले ३६९ एकट्या इंडियानाविरुद्धच्या सामन्यातले, १४ झेलांतून. ते वजा केले तर उरलेल्या १२ सामन्यांत सरासरी ८३.७ वर येते. गॅलनला कमी लेखायचं नाही. ५ फूट ८ इंच उंचीच्या माणसाने एका दुपारी ३६९ यार्ड काढणं ही गोष्टच वेगळी. पण क्लॅन्सीची १९६६ची कामगिरी त्याच्या शेजारी ठेवण्याइतकी मोठी आहे, आणि त्या काळात संघ पास किती कमी फेकत हे धरलं तर कदाचित जास्तच.

आता आकडे सोडून हाता-पायांकडे येऊ, कारण या तिघांचं कौशल्य तीन वेगळ्या जागी होतं.

पास पकडण्याचं काम चार टप्प्यांचं असतं: खेळी सुरू होते त्या रेषेवरून सुटणं, धावत वळणाच्या जागेपर्यंत जाणं, वळणं आणि झेल. पाचवा टप्पा झेलानंतरचा, आणि कार्टर तिथला राजा. वजन जेमतेम ७० किलोच्या आसपास, फ्लोरिडातल्या रिव्हिएरा बीचचा पोरगा. २७ ऑक्टोबर १९७९, इंडियानाविरुद्धचा सामना, २१-२१ बरोबरी, घड्याळात ६ सेकंद, चेंडू ४५ यार्डांवर. मिशिगनकडे टाइमआउट उरला नव्हता. त्याआधीच्याच खेळीत लॉरेन्स रीडने पकडलं जाताना चेंडू मैदानाबाहेर टाकून घड्याळ थांबवलं होतं, आणि इंडियानाचे प्रशिक्षक ली कॉर्सो त्यावरून भडकले होते. अशा वेळी बहुतेक संघ चेंडू सरळ एंड झोनमध्ये उंच टाकतात आणि गर्दीत कुणाच्या तरी हाती लागेल अशी आशा करतात. जॉन वँगलरने तसं केलं नाही. त्याने मधल्या भागात पळणाऱ्या कार्टरला धावत्या पावलात चेंडू दिला आणि उरलेलं अंतर कार्टरवर सोडलं. मैदानात कुठेही पकडला गेला असता तर वेळ संपून सामना बरोबरीत सुटला असता. कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ १९९६च्या हंगामापासून आला. कार्टर निसटला. २७-२१.

झेलानंतर धावणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे चेंडू पुरता हातात येण्याआधी मान वळवून पुढचा रस्ता बघणं. सुटणाऱ्या सोप्या झेलांत या चुकीचा वाटा मोठा. शिकवताना क्रम सांगतात तो असा: डोळ्यांनी चेंडू हातात जाईपर्यंत पाहा, मग काखेत दाबा, चेंडूचं टोक बोटांच्या बेचक्यात धरा, आणि मगच वळा. कार्टरच्या जुन्या चित्रफिती हळू लावून पाहिल्या तर वळण आणि दाबणं जवळजवळ एकत्र दिसतं, पण डोकं नेहमी शेवटी फिरतं. तो क्षणाचा उशीर त्याला परवडायचा, कारण पुढच्या दोन पावलांत तो पूर्ण वेगात असायचा.

हॉवर्डचं कौशल्य हवेतल्या चेंडूचा माग काढण्यात. १४ सप्टेंबर १९९१, नोट्र डेमविरुद्ध मिशिगन १७-१४ने पुढे, चौथं डाउन (दहा यार्ड पुढे जाण्याची शेवटची संधी), हवंय जेमतेम फूटभर, चेंडू २५ यार्डांवर. सगळ्या स्टेडियमला धाव अपेक्षित. एल्व्हिस गर्बॅकने उजव्या कोपऱ्यात उंच फेकला. (दोघंही क्लीव्हलँडच्या एकाच हायस्कूलचे, सेंट जोसेफचे, चेंडू कुठे पडणार याची समज तिथपासूनची.) चेंडू थोडा लांब गेला होता. हॉवर्ड पूर्ण आडवा झाला, एंड झोनमध्ये बोटांच्या टोकांवर झेलला आणि पडतानाही सोडला नाही. सामना २४-१४.

या झेलात शिकण्यासारखं बरंच आहे. खांद्यावरून येणाऱ्या चेंडूला करंगळ्या एकमेकींना लावून तळवे वर करायचे. छातीच्या वर समोरून येणाऱ्याला अंगठे आणि तर्जनी जुळवून त्रिकोण करायचा. उलट केलं तर बोटं चेंडूच्या दिशेने सरळ राहतात आणि मुरगळतात, किंवा चेंडू तळव्यावर आपटून उडतो. दुसरं, हात उशिरा काढायचे. पाठ करून धावणारा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला राखणारा कडेचा बचावपटू, थोडक्यात कॉर्नर) चेंडूकडे नाही, रिसीव्हरच्या हातांकडे आणि डोळ्यांकडे बघत असतो. हात आधीच वर गेले की त्याला वेळ कळते, शिवाय हात पसरून धावताना वेगही कमी होतो. तिसरं, सरळ धावताना साइडलाइनपासून चार-पाच यार्ड जागा राखायची. कॉर्नर हेच करू पाहतो की रिसीव्हरला रेषेकडे ढकलत न्यायचं. मग क्वार्टरबॅकला चेंडू टाकायला जागाच उरत नाही आणि पास बाहेर जातो. एकदा पुढे निघालात की बचावपटूच्या बरोबर समोर यायचं, म्हणजे त्याला मागूनच यावं लागतं.

हॉवर्डचं नाव निघालं की लोक ओहायो स्टेटविरुद्धची ९३ यार्डांची पंट रिटर्न (समोरच्याने किक मारून दिलेला चेंडू घेऊन धावणं) आणि त्यानंतरची हाइसमन करंडकावरच्या पुतळ्याची पोझ आठवतात. ती झेल नव्हती, पासही नव्हता. रिसीव्हरच्या यादीत तिला स्थान का द्यायचं? माझ्या मते द्यायचं नाही. त्याच्या १९९१च्या एकूण २३ टचडाउनपैकी १९ पासवर आले, तेवढे पुरेसे आहेत.

त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत दुखरा चेंडू १९९०चा. मिशिगन पहिल्या क्रमांकावर, समोर मिशिगन स्टेट, शेवटच्या क्षणी टचडाउन करूनही मिशिगन २७-२८ने मागे. एक गुणाची किक मारली तर बरोबरी. जादा वेळ तेव्हा नव्हताच, म्हणून गॅरी मोलर यांनी दोन गुणांचा डाव (किकऐवजी चेंडू पुन्हा एंड झोनमध्ये नेणं) खेळला. हॉवर्ड मोकळा होत असताना कॉर्नर एडी ब्राउनचा पाय आडवा आला. चेंडू हाताला लागला, आणि पडताना सुटला. पंचांचा नियमभंगाचा झेंडा पडला नाही. मिशिगन स्टेटचे चाहते अजून म्हणतात की झेल सुटला. मिशिगनवाले म्हणतात पाडलं. चित्रफीत पाहिली तर पायाबद्दल फारशी शंका राहत नाही.

एडवर्ड्स तिसऱ्या जातीचा. उंची ६ फूट ३ इंच, वडील स्टॅन एडवर्ड्स शेम्बेकलर यांच्याच संघात रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) आणि कार्टरचे सहकारी. त्याला मोकळं होण्याची गरजच पडत नसे. दोन बचावपटू चिकटलेले असले तरी चेंडू वर टाकला की तो त्याचा. याचं तंत्र असं की चेंडू खाली येण्याची वाट पाहायची नाही. उडीच्या सर्वांत वरच्या बिंदूवर, हात पूर्ण ताणून, तो घ्यायचा. खाली येऊ दिला की छातीशी येईपर्यंत बचावपटूचा हात मध्ये येतो. उडीची वेळ चुकली तर उंचीचा काही उपयोग नाही. लवकर उडालात तर उतरताना चेंडू येतो, उशिरा उडालात तर दोघांचे हात एकाच उंचीवर. उंच रिसीव्हर बऱ्याचदा इथेच फसतात, एडवर्ड्स क्वचित फसला. उलट सोपे, छातीवर आलेले चेंडू त्याच्या हातून सुटत. तो दोष एनएफएलमध्येही (व्यावसायिक लीग) त्याच्या मागे राहिला.

३० ऑक्टोबर २००४. मिशिगन स्टेट २७-१०ने पुढे, नऊ मिनिटंही उरली नव्हती. मिशिगनने आधी फील्ड गोल (किकने तीन गुण) केला, मग ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मुद्दाम छोटी मारलेली) मिळवली, आणि पहिल्याच वर्षाला असलेल्या चॅड हेनीने एडवर्ड्सला ३६ यार्डांवर चेंडू टाकला. थोड्या वेळाने पुन्हा, २१ यार्डांवर. दोन्ही वेळा कॉर्नर जागेवर होता. त्याच्याकडून काही चूक झाली असं म्हणता येत नाही. बरोबरी. तिसऱ्या जादा डावात एडवर्ड्सचा २४ यार्डांचा तिसरा टचडाउन, ४५-३७. ११ झेल, १८९ यार्ड. त्या दुपारी माइक हार्टने धावून २२४ यार्ड काढले होते, ते लोक विसरतात. धाव थांबवायला सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) पुढे ओढला गेला की कडेला कॉर्नर एकटा पडतो, हे मात्र विसरून चालणार नाही.

कॉलेजच्या नियमांचाही इथे हात आहे. एनएफएलमध्ये झेल वैध ठरायला दोन्ही पाय आत लागतात, कॉलेजात एक पुरतो. कोपऱ्यातला उंच पास म्हणूनच कॉलेजात अधिक फायद्याचा. मर्क्युरी हेसचा १९९५चा झेल आठवा: लॉइड कार यांचा प्रशिक्षक म्हणून पहिलाच सामना, व्हर्जिनिया एके काळी १७-०ने पुढे, शेवटचा चेंडू, स्कॉट ड्रायस्बॅकचा १५ यार्डांचा पास कोपऱ्यात, एक पाय कसाबसा आत. १८-१७. एनएफएलच्या नियमाने तो झेलच धरला नसता. उलट बाजूही आहे. कॉलेजात पासमधल्या अडथळ्याची शिक्षा जास्तीत जास्त १५ यार्ड. ४० यार्डांवरचा चेंडू हातचा जातोय असं दिसलं की शहाणा कॉर्नर सरळ मिठी मारतो आणि १५ यार्ड देऊन मोकळा होतो. एनएफएलमध्ये जिथे अडवलं तिथे चेंडू ठेवतात, म्हणून हा सौदा तिथे महाग पडतो.

एक नंबरच्या जर्सीबद्दल थोडं. ती घालणारे रिसीव्हर म्हणजे कार्टर, त्याच्यानंतर ग्रेग मॅकमर्ट्री, डेरिक अलेक्झांडर, डेव्हिड टेरेल आणि मग २००३पासून एडवर्ड्स (त्याआधी तो ८० नंबर घालायचा). एडवर्ड्सने या नंबरच्या नावाने शिष्यवृत्तीही ठेवली. २००८ साली नवे प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांनी तो नंबर नव्या आलेल्या एका बचावपटूला दिला तेव्हा एडवर्ड्सने जाहीर नाराजी व्यक्त केली आणि नंबर बदलण्यात आला. हॉवर्ड मात्र २१ नंबरचा. गॅलनने त्याचा विक्रमी हंगाम तोच नंबर घालून खेळला.

टेरेलबद्दल एकच सामना सांगतो. १ जानेवारी २०००चा ऑरेंज बोल, समोर अलाबामा, मिशिगन दोनदा १४ गुणांनी मागे. टॉम ब्रेडीच्या पासचे ३६९ यार्ड सगळ्यांना पाठ आहेत. त्यातले १५० आणि तीन टचडाउन टेरेलच्या दहा झेलांतून आले, हे कमी जणांना. ३५-३४. टाय स्ट्रीट्सचा १९९८चा रोझ बोल त्याच तोडीचा: ब्रायन ग्रीसीकडून ५३ आणि ५८ यार्डांचे दोन टचडाउन, सामना २१-१६. मारिओ मॅनिंगहॅमने २००५ साली पेन स्टेटविरुद्ध शेवटच्या सेकंदाला घेतलेला १० यार्डांचा झेल, २७-२५, हा पेन स्टेटचा त्या हंगामातला एकमेव पराभव. आणि २०११ची ती मिशिगन स्टेडियमवरची पहिली रात्रीची मॅच: ३० सेकंद बाकी, नोट्र डेम ३१-२८ने पुढे, डेनार्ड रॉबिन्सनकडून गॅलनला ६४ यार्ड. तो इतका मोकळा कसा राहिला, हे नोट्र डेमच्या बचावाला विचारावं. मग दोन सेकंद राखून रॉय राउंडट्रीचा कोपऱ्यातला झेल.

चौथ्या जागेसाठी माझं मत क्लॅन्सीला. पाचव्यासाठी टेरेल, गॅलन आणि एक नवं नाव, रोमन विल्सन. एकूण झेल बघणारे त्याला यादीत घेणार नाहीत. पण २०२३चा मिशिगन संघ पुन्हा धावणारा होता, शेम्बेकलर यांना आवडला असता असा. विल्सनला १५ सामन्यांत मिळाले ४८ झेल, म्हणजे सामन्याला जेमतेम तीन. त्यातून ७८९ यार्ड आणि १२ टचडाउन: झेलामागे १६.४ यार्ड, दर चार झेलांना एक टचडाउन. रोझ बोलमध्ये अलाबामा सात गुणांनी पुढे असताना त्याने आधी २९ यार्डांचा पास घेऊन चेंडू पाच यार्डांवर आणला, मग १ मिनिट ३४ सेकंद राहिले असताना चार यार्डांचा टचडाउन. सामना जादा डावात २७-२०ने जिंकला, आठवड्याने राष्ट्रीय विजेतेपदही. त्या हंगामात त्याच्या पाठीवर एक नंबर होता. टेरेल की विल्सन, यावर मी अजून अडलोय. टेरेलचा एक सामना मोठा, विल्सनचा अख्खा हंगाम.